आरडी ३५० चा ऑइल पंप काढावा की ठेवावा?

टॉर्क_इंडक्शन
राजदूत ३५० (यामाहाच्या टू-स्ट्रोक आरडी ३५० चीच भारतीय आवृत्ती) पुन्हा उभी करायला काढली की पहिला सल्ला ठरलेला: इंजिनात ऑइल सोडणारा पंप काढा, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा. मला हे साफ चूक वाटतं. १९५५ च्या वायए-१ पासून यामाहाच्या गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल कालवूनच चालवावं लागे. १९६४ मध्ये वायए-६ वर ऑटोल्यूब, म्हणजे ऑइल आपोआप सोडणारा पंप, आला आणि ती कटकट संपली. १९७३ ची आरडी ३५० या पंपाचा हिशेब धरूनच बनलेली आहे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने ती आपल्याकडे आणली तेव्हा ३९ ची ताकद आधी ३०.५ आणि मग २७ अश्वशक्तीवर आली, पुढची डिस्क जाऊन ड्रम आला. ऑटोल्यूब मात्र राहिला. तेव्हा जे कापलं नाही ते आज आपण का कापायचं?

शिवाय घाटाचा विचार करा. खंबाटकी उतरताना थ्रॉटल बंद, गिअर खालचा, इंजिनाचे फेरे चढलेले. प्रीमिक्स (आधीच ऑइल मिसळलेलं पेट्रोल) असेल तर पेट्रोल जेमतेम येतं, म्हणजे ऑइलही जेमतेम. पंप फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे थ्रॉटल बंद असला तरी किमान स्ट्रोकने (आतल्या दट्ट्याच्या सर्वात छोट्या हालचालीने) ऑइल देत राहतो.

निळा_धूर
घाटाचं मान्य. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्यायची सवय लावली की भागतं. पण हे पंप आता पस्तीस-चाळीस वर्षांचे आहेत. आतला सील कडक झाला किंवा नळीत हवा अडकली की ऑइल तुटलं, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकेपर्यंत गाडी झकास पळत असते, कळतच नाही. प्रीमिक्समध्ये पेट्रोल आहे तोवर ऑइल आहेच. ३२:१ म्हणजे लिटरला ३१ मिली, पाच लिटरला साधारण १५५. मोजपात्र सीटखाली ठेवा, विषय संपला.

घाटमाथा
विषय तिथे संपत नाही, तिथेच सुरू होतो. पंप काढताना इनटेकवरचे दोन्ही ऑइल निपल (ऑइलची नळी जोडायची तोंडं) नीट बंद केले का, हे कोणी बघत नाही. तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे येतात. मग निदान काय, तर ‘ऑइल कमी पडलं’. म्हणून ३२:१ चं २०:१ करतात. कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) ऑइल जास्त गेलं तर पेट्रोल कमीच जाणार, म्हणजे मिश्रण आणखी पातळ! औषधानेच रोग वाढतो.

दुसरं, आता पेट्रोल पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मिळतं. गाडी दोन महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरलं, की इथेनॉल ते पाणी घेऊन तळाशी बसतं. त्या थरात ऑइल नीट मिसळत नाही, आणि कॉकमधून आधी तोच थर खाली उतरतो.

निळा_धूर
निपल बंद न करणं ही हातची चूक, पद्धतीची नव्हे. पंपाचं ब्लीडिंगही (आतली हवा काढणं) निम्मे लोक अर्धवट करतात, त्याचं काय?

टॉर्क_इंडक्शन
मग पूर्ण करा, अर्ध्या तासाचं काम आहे. पंपावरचा ब्लीड स्क्रू काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून पंपाची चकती बाणाच्या दिशेने फिरवत राहा. बुडबुडे थांबून सलग ऑइल आलं की स्क्रू नवीन वॉशर घालून बसवा. टाकीत एकदाच ३२:१ चं पेट्रोल घाला, गाडी चालू करून साधारण दोन हजार फेऱ्यांवर पंपाची केबल हाताने ओढून धरा, म्हणजे पुढच्या नळ्याही भरतात. थ्रॉटल बंद असताना किमान स्ट्रोक फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. ०.२० ते ०.२५ मिमी हवा, नसेल तर शिम (पातळ चकती) बदला. केबलचा ढिलेपणा विसरू नका. एका ग्रिपवरून दोन कार्ब्युरेटर आणि पंप ओढले जातात. पंपाची केबल सैल राहिली तर पूर्ण थ्रॉटलला नेमकं ऑइल कमी पडतं.

घाटमाथा
एवढं करण्याआधी क्रँकचे (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचे) सील तपासा. दोन्ही इनटेक आणि दोन्ही एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय दाबाची हवा भरा. सहा मिनिटं टिकली पाहिजे. उजवा, क्लचकडचा सील गेला तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर येतो, तो दिसतो तरी. डावा गेला तर नुसती हवा ओढली जाते आणि काहीच दिसत नाही. अशा गाडीचा पिस्टन पंप असो वा प्रीमिक्स, जाणारच.

निळा_धूर
सीलचं शंभर टक्के पटतं. तरी एक प्रश्न उरतोच. पंप चालतोय हे ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली की कळतं, असं बरेच जण म्हणतात, पण पातळी दोन्ही सिलिंडरची बेरीज दाखवते. एक नळी तुंबली तरी ती उतरणारच.

टॉर्क_इंडक्शन
बरोबर, म्हणून पातळीवर विसंबू नका. दोन्ही नळ्या पेट्रोल-ऑइलला टिकणाऱ्या पारदर्शक घाला आणि प्रत्येक फेरीआधी बुडबुडा आहे का बघा. पन्नास किलोमीटरनंतर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी आणि दुसरा पांढरट, कोरडा दिसला तर त्या बाजूची नळी आणि चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) उघडल्याशिवाय गाडी पुढे काढू नका.