लेकीचं कॉलेज: तलाव बघायचा की वर्ग?

ब्रेस्टस्ट्रोकचा_बाबा:
लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, २०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक पोहते. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी विचारलंय. एक डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळांची सगळ्यात वरची पातळी, अर्धी स्कॉलरशिप. दुसरं डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसरी पातळी. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, पण मार्कांवर बरीच मदत देतायत. तिला बायोलॉजी करायचंय. ती पहिल्यावरच अडून बसलीय. का, तर कॉलेज बघायला गेलो तेव्हा लॉकरवर तिच्या नावाची पाटी लावून ठेवली होती! मी रात्री एक्सेल उघडतो, ती त्या पाटीचा फोटो. काय बघून ठरवावं?

जुना_गोलकीपर:
पाटीला हसू नका हो. त्या वयात आपण कुणाला तरी हवे आहोत यापुढे बाकी सगळं फिकं. मी तर नुसतं मैदानावरचं गवत बघून हो म्हटलं होतं. फक्त पाटी कोचने लावली की संघातल्या मुलींनी, तेवढं विचारा.

उजवा_गुडघा:
दादा, मीही ब्रेस्टस्ट्रोकवाली, डिव्हिजन वनची. मी कॉलेज नव्हे, कोच निवडला होता. तो दुसऱ्याच वर्षी दुसरीकडे गेला. नव्याला फ्रीस्टाइलचं वेड, आम्ही आपल्या कडेच्या लेनमध्ये. त्यात किक मारून मारून गुडघा आतल्या बाजूने धरला. मग सबंध सीझन मी काय केलं? ५०० यार्डांच्या शर्यतीत भिंतीशी गुडघ्यांवर बसून (हो, त्याच गुडघ्यांवर) मैत्रिणींना खेपा मोजून द्यायच्या. नंबराची पाटी पाण्यात बुडवून धरायची, विसाव्या, म्हणजे शेवटच्या खेपेला नंबर नाही, नुसता केशरी रंग. त्या दिवसांत मला कोण विचारत होतं, ते कॉलेज निवडताना कळायला हवं होतं. म्हणून लेकीला सांगा, संघातल्या स्टार मुलीशी बोलू नकोस, जखमी होऊन बसलेली असेल तिच्याशी बोल. कोच शेजारी नसताना.

स्कॉलरशिपचं पत्र चार वर्षांचं की दरवर्षी नवं, ते नीट वाचा. आणि सीझनमध्ये खेळाला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते म्हणतील. असते. पण स्पर्धेचा अख्खा दिवस त्यात ३ तासांचा धरतात, प्रवास धरतच नाहीत. 'ऐच्छिक' सरावही नाही, आणि तो किती ऐच्छिक असतो ते विचारूच नका. बायोलॉजीच्या लॅब दुपारच्या असतील तर सरावाशी टक्कर ठरलेली. माझी ऑर्गॅनिक केमिस्ट्री दोनदा पुढे गेली.

जुना_गोलकीपर:
पण आता ट्रान्सफर पोर्टल आहे ना, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी? नाही जमलं तर बदलायचं.

उजवा_गुडघा:
आहे, २०१८ पासून. पोर्टलमध्ये नाव गेलं की दुसरे कोच थेट बोलू शकतात. पण नवं कॉलेज जुनी सगळी क्रेडिट्स धरेलच असं नाही. पोहणारी सहज बदलते, बायोलॉजीवाली अडकते.

ब्रेस्टस्ट्रोकचा_बाबा:
ताई, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. ऑर्गॅनिकपाशी चेहरा पडला. पाटी मुलींनीच लावली होती म्हणे. त्यातल्याच एकीला तिने मेसेज टाकलाय: "तुमच्यात सध्या कोण पोहत नाहीये?" दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघतेय.