आगबोट, गलबत की युद्धनौका?

एकोणिसाव्या शतकातल्या लढाऊ जहाजांवरचा लेख मराठीत आणतो आहे. शिडाच्या जहाजांना मी सरसकट 'गलबत' लिहिलंय. वाफेवरच्या जहाजांना 'बाष्पनौका' लिहावं असं संपादक म्हणतात, पण मला 'आगबोट' जवळचा वाटतो. जाणकारांनी सांगावं.

—

'गलबत' काढाच. मराठ्यांच्या आरमारात गलबत म्हणजे लहान, वल्ह्यांवरही चालणारं. त्याहून मोठी गुराब. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'एशिया' ८४ तोफांची होती. १८२७ च्या ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापती तिच्यावरच होता, आणि केवळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई. तिला गलबत कसं म्हणणार? 'लढाऊ जहाज' लिहा.

'आगबोट' मात्र सोडू नका. लाकूड, डांबर आणि दारूगोळ्याने भरलेल्या जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. तीच आग पोटात घेऊन बोट वाऱ्याविरुद्ध चालते, हे नवल त्या शब्दात आहे. 'आगगाडी'तही लोकांनी वाफ नाही, आगच पाहिली. 'बाष्पनौके'त हे काहीच उरत नाही. मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' १८३० च्या मार्चमध्ये सुएझला निघाली, ती आगबोटच.

—

पण आगबोट म्हटलं की शिडं गेली असं वाटतं. १८६० च्या 'वॉरियर' या वाफेवरच्या ब्रिटिश लढाऊ जहाजाला तर तीन डोलकाठ्या होत्या.

—

मुद्दा अगदी बरोबर. शिडं लगेच गेली नाहीत, कारण कोळसा भराभर संपे आणि दूरच्या बंदरात तो मिळेलच याची खात्री नसे. सुरुवातीच्या आगबोटींच्या दोन्ही अंगांना मोठाली चाकं असत. ती तोफांची जागा खात, आणि एका गोळ्यात मोडली की बोट लुळी. म्हणून लढाईसाठी खरा फरक पडला तो पाण्याखालच्या पंख्याने. १८४५ मध्ये पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' शेपटीला शेपटी बांधून ओढायला लावल्या. रॅटलरने अलेक्टोला उलटं फरफटत नेलं.

'वॉरियर'वर शिडं उभारली की धुराडी खाली सरकवत आणि शेकडो खलाशी दोर ओढून पंखा पाण्याबाहेर घेत. वाफेवर जायचं झालं की हुकूम सुटे: "धुराडी वर, पंखा खाली!" अशा जहाजाला मी 'शिडाची आगबोट' म्हणेन. १८७१ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'डेव्हास्टेशन'ला शिडंच नव्हती. तिथून पुढे खुशाल 'युद्धनौका' लिहा.

—

शिडाची आगबोट! हेच हवं होतं. पंख्याला मी 'मळसूत्र' लिहिलं होतं, तेही बदलतो.

—

बदलाच. मळसूत्र म्हणजे स्क्रूचे आटे. बंदरावर कुठल्याही तांडेलाला विचारा, तो पंखाच म्हणेल.