यादृच्छिक म्हणजे वाटेल तसं?

क्षयाच्या औषधाच्या चाचणीचं संमतिपत्र मराठीत करतोय. ‘रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी’ असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर एका पेशंटची बायको म्हणाली, “म्हणजे डॉक्टरांच्या मर्जीने ना?” नेमकं उलटं! ‘रँडम’ला सुटसुटीत शब्द आहे का?

प्रतिसाद : ‘यदृच्छा’त आपल्याला ‘इच्छा’ ऐकू येते, पण फोड यद् + ऋच्छा अशी आहे. ऋच्छ् म्हणजे जाणे, प्राप्त होणे. गीतेतला ‘यदृच्छालाभसंतुष्ट’ म्हणजे न मागता पदरात पडेल त्यात समाधानी. अर्थात कोशांत ‘स्वैरपणा’ हाही अर्थ आहे, तेव्हा बाई अगदीच चुकल्या नाहीत.

प्रतिसाद : अडचण जुनीच. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिलना डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षय झाला आणि ते राहिलं. पुढे ते लंडनमध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३७ मध्ये डॉक्टरांसाठी लेखमाला लिहिताना त्यांनी ‘रँडमायझेशन’ हा शब्द मुद्दाम गाळला, डॉक्टर बिचकतील म्हणून! सुचवलं ते एकाआड एक पेशंट दोन गटांत घालणं. पण त्यात पुढचा कुठल्या गटात जाणार हे आधीच कळतं, मग हळूच मागेपुढे करता येतं. स्ट्रेप्टोमायसीन या क्षयावरच्या औषधाच्या चाचणीत त्यांनी ती वाटच बंद केली. बंद पाकीट, वर रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक, आत गट सांगणारं कार्ड. पेशंट दाखल करायचं ठरल्यावरच पाकीट फोडायचं. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. हे १९४८ मध्ये छापून आलं.

प्रतिसाद : मग ‘चिठ्ठी टाकून’ लिहा की. म्हाडासारखी ‘सोडत’ही चालेल.

प्रतिसाद : सोडत नको हो. सोडतीत नंबर लागतो, न लागणारा हळहळतो. इथे औषधाला गुण आहे की नाही हेच तर बघायचंय.

प्रतिसाद : हिलच्या वेळी सोडतच होती ती, औषध सगळ्यांना पुरणारं नव्हतं. आणि नुसत्या विश्रांतीवाल्यांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलंच नव्हतं. शब्द शोधायची वेळच आली नाही.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. ‘गट चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरांना किंवा तुम्हाला तो निवडता येणार नाही’ असं केलं. बाईंना पटलं. मग म्हणाल्या, “चिठ्ठी उचलणार कोण?” चिठ्ठी कॉम्प्युटर उचलतो. आता एक वाक्य वाढवतोय.