रेपिन यांच्या ‘पेनाती’तील जिन्याबद्दल माहिती हवी आहे

सेंट पीटर्सबर्गजवळच्या रेपिनो येथील रशियन चित्रकार इल्या रेपिन यांचे ‘पेनाती’ हे स्मारक-संग्रहालय डिसेंबरमध्ये आईसह पाहण्याचा बेत आहे. १९४४ मध्ये जळालेले हे घर पुन्हा उभारून १९६२ मध्ये खुले करण्यात आले. जेवणघरातले फिरत्या मध्यभागाचे गोल टेबल तळमजल्यावरच आहे. परंतु उजवा हात अधू झाल्यावर रेपिन ज्या काचेच्या छताच्या स्टुडिओत कमरेला रंगपाटी अडकवून डाव्या हाताने रंगवत, तो वरच्या मजल्यावर आहे आणि तो न पाहता परतणे चित्रकार असलेल्या आईला मुळीच पटणार नाही. तिचे गुडघे दुखतात. कठड्याला धरून, थांबत थांबत ती चढू शकते.

पर्यटकांची छायाचित्रे आणि व्हिडिओ पाहिले, पण बहुतेकांचा कॅमेरा जिना टाळूनच जातो. सेंट पीटर्सबर्गमधल्या फिनलंड स्थानकावरून लोकलने जाऊन पुढे टॅक्सी करणार आहोत. भारतीय बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे तिथे चालत नसल्यामुळे रोख रूबल जवळ असतील, तेव्हा त्याबाबत सल्ला नको.

हिवाळ्यात तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: जिना किती उभा आहे, त्याला भक्कम कठडा आहे का, आणि फाटकापासून घरापर्यंतच्या बागेतल्या वाटेवरील बर्फ काढलेला असतो का?