हायवेला लागून बाल्कनी आहे, पालेभाजी लावावी का?

रानमेवा_ठाणे

घोडबंदर रोडला लागून इमारत, दुसरा मजला. बाल्कनी १० फूट बाय ४ फूट, तोंड पश्चिमेला, दुपारी साडेबारापासून मावळेपर्यंत ऊन. रेलिंगपासून रस्त्याची कड साधारण १५ मीटरवर. दिवसरात्र ट्रक चालू असतात, शिवाय समोर बांधकाम. डोक्यावर तिसऱ्या मजल्याची बाल्कनी आहे, त्यामुळे पाऊस फक्त पुढच्या फूटभर पट्ट्यात येतो. रेलिंग जुनं लोखंडी, रंगाचे पापुद्रे सुटताहेत.

पालक, मेथी, कोथिंबीर, मिरची, टोमॅटो आणि कढीपत्ता लावायचाय. घरात चार वर्षांचं मूल आहे, म्हणून आधी विचारते.

१) धुरातलं शिसं मुळांवाटे भाजीत उतरतं का?
२) काय लावावं, काय टाळावं?
३) हिरवी जाळी लावून काही फायदा होतो का?
४) सोसायटीत रस्त्याकडेचा पालापाचोळा कुजवून खत करतात, ते फुकट मिळतं. वापरू का?

पोयटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की बाकीची आपोआप सुटतात.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. त्यामुळे आजच्या धुरात शिसं ही मुख्य अडचण नाही. पण शिसं कुजत नाही, विरत नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते अजून आहे आणि वाहनांच्या वाऱ्याने धुळीसोबत उडतं. त्यात ब्रेक घासून निघणारं तांबं, टायर झिजून निघणारं जस्त आणि डिझेलची काजळी मिसळते. काजळीच्या कणांना चिकटलेले तेलकट विषारी पदार्थ पानावरच्या मेणाच्या थरात मुरतात आणि नुसत्या पाण्याने पूर्ण निघत नाहीत.

म्हणजे तुमच्या बाल्कनीत घाण वरून येते, खालून नाही. भरपूर सेंद्रिय खत असलेल्या, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) ६.५ ते ७ असलेल्या मातीत शिसं घट्ट बांधलं जातं. जे थोडं झाडात शिरतं ते बहुतेक मुळातच अडकतं, पानापर्यंत कमी आणि फळापर्यंत अगदीच नगण्य पोचतं. कॅडमियम हा दुसरा विषारी धातू मात्र वेगळा. आम्लधर्मी मातीत तो सहज हलतो आणि पालक तो चांगलाच ओढून घेतो. म्हणून कुंडीतली माती स्वच्छ आणि सामू योग्य हवा. तेवढं केलं की मुळांची वाट जवळजवळ बंद होते आणि उरते ती पानावरची धूळ.

वायूंचं वेगळं. नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन हे झाडाला त्रास देतात, पण भाजीत साठून आपल्या पोटात जात नाहीत. ओझोनने जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधे बारीक फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात. लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीनेही असेच ठिपके दिसतात, तेव्हा पान उलटं करून बघा. खाली बारीक जाळं आणि हलणारे कण असतील तर कोळी.

आता काय लावायचं ते. मिरची, टोमॅटो, वांगं, भेंडी, चवळीच्या शेंगा, कारलं, दुधी हे निर्धास्त लावा. फळाची साल गुळगुळीत, धुवायला सोपी, शिवाय फळ झाडावर थोडे दिवस असतं. भेंडीला बारीक लव असते, ती चोळून धुवायची, इतकंच. मुळा, गाजर स्वच्छ कुंडीत चालतात, सोलून खा. मुळ्याचा पाला मात्र खाऊ नका. पालक, मेथी, कोथिंबीर, माठ, अळू रेलिंगपाशी नकोतच. सगळ्यात जास्त धूळ धरतात ती लव असलेली पानं: पानओवा, भोपळ्याचा पाला.

लावण्याआधी एक साधी चाचणी करा. पांढऱ्या गुळगुळीत फरशीचे दोन तुकडे घ्या. एक रेलिंगच्या उंचीवर, दुसरा आतल्या भिंतीलगत दीड फूट उंचीवर ठेवा. सात दिवस हात लावू नका. मग प्रत्येक फरशी ओल्या पांढऱ्या कापडाच्या वेगळ्या तुकड्याने पुसा आणि कापडं शेजारी ठेवून बघा. हवेचा निर्देशांक शहराचं चित्र सांगतो, तुमच्या कुंडीवर किती पडतं ते ही दोन कापडं सांगतील. भिंतीजवळचं कापड स्पष्ट उजळ निघालं तर खायची झाडं तिकडेच ठेवायची.

जाळीबद्दल: ५० टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीची भोकं मिलिमीटरात असतात. त्रासदायक धूळ १० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून) बारीक, ती आरपार येते. आणि तुमचं आधीच अर्ध्या दिवसाचं ऊन निम्मं होईल. टोमॅटो-मिरचीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तेव्हा माझं मत: नको.

कुंडीशास्त्र

जाळीबाबत पोयटांशी अर्धाच सहमत आहे. बारीक धूळ ती अडवत नाही हे खरं. पण जाड धूळ आणि बांधकामाची रेती अडते, वाऱ्याचा जोर कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात दुपारी तीनला पानं करपतात, तेव्हा तिचा उपयोग सावलीसाठी होतो. मधला मार्ग असा: जाळी जमिनीपासून फक्त साडेतीन फुटांपर्यंत, वरचा भाग मोकळा. दर आठवड्याला ती पाण्याने धुवायची, आणि धुताना कुंड्या आत घ्यायच्या. कोरडी झटकली तर साठलेली सगळी धूळ एका दमात कुंड्यांत येईल.

त्याहून चांगलं म्हणजे रेलिंगला पानांचा पडदा. तारेच्या जाळीवर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा, खाली १५ लिटरच्या तीन लांबट कुंड्या पुरतात. ही झाडं खायची नाहीत, धूळ धरायला लावायची. बर्लिनच्या मध्यवस्तीत पिकवलेल्या भाज्यांची तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात रस्ता आणि भाजी यांच्या मधे इमारत किंवा दाट झाडी असली की भाजीतले जड धातू कमी भरले होते. पडद्याचीही उंची साडेतीन फूटच ठेवा, नाहीतर ऊन अडेल. छाटलेला पाला खतात टाकू नका.

शेणखत

चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम नकार आहे. १० किलो सुका पाला कुजून तीन-चार किलो खत उरतं. कार्बन उडून जातो, धातू मात्र सगळे मागे राहतात. म्हणजे पानावरची धूळ खतात दोन-तीन पट घट्ट होते. रस्त्याकडेच्या पाल्याचं खत शोभेच्या झाडांना घाला. त्याच कारणाने रस्त्यावरचा पाला आच्छादनालाही वापरू नका. शहरी कचऱ्याच्या खताला भारतात शिशाची कमाल मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत त्यापेक्षा केव्हाही बरं, कारण त्यात काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं.

२० लिटरच्या कुंडीसाठी मिश्रण: भिजवलेलं कोकोपीट ८ लिटर, घरचं कंपोस्ट किंवा गांडूळखत ६ लिटर, पोयट्याची माती ४ लिटर, भाताचं तूस २ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्या. त्यातलं मीठ राहिलं तर रोपांच्या पानांच्या कडा जळतात. माती रस्त्याकडेची किंवा बांधकामाच्या खड्ड्यातली नको. भरलेली, भिजलेली अशी कुंडी २० ते २४ किलो होते. निवासी बाल्कनीचं भारमान (किती वजन पेलेल ते) साधारण चौरस मीटरला ३०० किलो धरतात, पण इमारत जुनी असेल तर तितकं गृहीत धरू नका. कुंड्या भिंतीलगत आणि पसरून ठेवा.

समोर बांधकाम आहे म्हणून आणखी एक. सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते. वर्षभर कुंडीत पडत राहिली तर सामू ७.५ च्या वर जाऊ शकतो आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही. खूण अशी: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. अशा बाल्कनीत अंड्याची टरफलं, चुना, राख घालू नका. तशी खूण दिसली तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा. दर वर्षी वरची एक इंच माती काढून तिथे ताजं कंपोस्ट भरा, म्हणजे पडलेली धूळही जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: रेलिंगचा रंग. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या तेलरंगांत शिसं हजारो पीपीएमपर्यंत असू शकतं. कुंडीत पडलेला एक पापुद्रा रस्त्याच्या कित्येक दिवसांच्या धुळीपेक्षा वाईट. म्हणून:

– कोरडं घासू नका, ग्राइंडर तर अजिबात नाही. पाणी मारत, खरवडणीने सुटे पापुद्रे काढा.
– खाली प्लास्टिक अंथरा, काढलेलं सगळं गुंडाळून बांधा. त्या दिवशी मूल बाल्कनीत नको.
– ओल्या फडक्याने दोनदा पुसा. मग मेटल प्रायमर, मग शिसं नसल्याचं डब्यावर छापलेला रंग, दोन हात.
– रेलिंगला कुंड्या टांगू नका, खायची झाडं तिच्यापासून निदान दीड फूट आत.

लहान मुलाच्या पोटात शिसं भाजीपेक्षा हाताला लागलेल्या धुळीतून जास्त जातं. बाल्कनी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीत खेळून झालं की साबणाने हात धुवायची सवय लावा.

रानमेवा_ठाणे

आधी रेलिंगचं काम करून घेते, फरशीचे तुकडे आजच ठेवते. दोन गोष्टी राहिल्या. मुलासाठी घरचा पालक हवा होता, तो मुळीच नको का? आणि कढीपत्ता?

पोयटा

पालक घेता येईल, पण रेलिंगपाशी नाही. सहा इंच खोल ट्रे आतल्या भिंतीलगत, पानांच्या पडद्यामागे ठेवा. ऑक्टोबर ते जानेवारी पेरा, ३० ते ३५ दिवसांत कापा. जुन्या झाडाची पानं तोडत बसू नका, पान जितके दिवस उघडं तितकी धूळ जास्त. रोपं उगवून थोडी वाढली की त्यांच्याभोवती मातीवर स्वच्छ नारळाच्या काथ्याचं आच्छादन द्या. पाणी घालताना माती उडून खालच्या पानांना चिकटते, ते थांबतं.

मेथी-मोहरीचे कोंब स्वयंपाकघराच्या खिडकीत आतल्या बाजूला घ्या. खायचं बियाणं घ्या, पेरणीचं औषध लावलेलं नको. मेथी आठ तास भिजवा, दोन इंच ओल्या कोकोपीटवर दाट पसरा, दोन दिवस झाका, मग उजेडात. आठ-दहा दिवसांत कात्रीने कापा. बाहेरची हवा लागतच नाही. बुरशीचा वास आला तर पूर्ण ट्रे टाका.

हिरवी_पात

धुण्याची पद्धत, कारण इथेच बहुतेक चुका होतात. भाजी चिरायच्या आधी धुवा, चिरलेल्या कडांमधून घाण आत जाते. देठाजवळची आणि सगळ्यात बाहेरची पानं टाका. मोठ्या पातेल्यात भाजी बुडवून हलवा आणि भाजी वर उचला, पाणी ओतू नका. ओतलं की तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. दुसऱ्या पाण्यात लिटरला २० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, नंतर दोन स्वच्छ पाणी. मिठाच्या पाण्याचा उपयोग किड्यांसाठी, धुळीसाठी फारसा नाही. भांड्यांचा साबण वापरू नका.

कढीपत्ता: पान झाडावर महिनोन्‌महिने राहतं, म्हणून जुनी पानं धुळीने भरलेली असतात. वर्षातून दोनदा छाटणी करा आणि शेंड्याकडची नवी पानं वापरा. पान गुळगुळीत असल्यामुळे बोटांनी चोळून धुतलं की स्वच्छ होतं.

तुमच्या बाल्कनीत पाऊस येत नाही, त्यामुळे झाडं कधीच धुतली जात नाहीत. धूळ बसलेल्या, कोरड्या पानांवर लाल कोळी झपाट्याने वाढते. नोव्हेंबर ते मे आठवड्यातून दोनदा, सकाळी, बारीक फवाऱ्याने पानं वरून आणि खालून धुवा. धुण्याआधी खोडाभोवती प्लास्टिकची पिशवी कापून कुंडीचं तोंड झाका, नाहीतर पानावरची घाण सरळ मुळांत जाते. कोळी आलीच तर कडुनिंबाचं तेल ५ मिलिलिटर, द्रव साबण एक-दोन मिलिलिटर, पाणी एक लिटर, दर पाच दिवसांनी असं तीनदा. तुमच्याकडे दुपारनंतर कडक ऊन, म्हणून हा फवारा सूर्य मावळल्यावरच.

शेणखत

आकडाच हवा असेल तर राष्ट्रीय मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसं आणि कॅडमियम तपासून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं येतात, शिसं येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. पालकाचे दोन नमुने द्या, एक न धुतलेला, एक वरच्या पद्धतीने धुतलेला. पालेभाजीत शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम आहे. न धुतलेला नमुना जास्त आणि धुतलेला मर्यादेत असेल तर घाण धुळीतून येतेय. दोन्ही सारखेच जास्त निघाले तर माती बदला.