शनिवारी स्की घ्यायच्यात: कमर ७२, ७८ की ८४?

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

गेल्या मोसमातल्या मॉडेल्सवरची सूट शनिवारी संपतेय, म्हणून घाईत विचारतोय. हेड कंपनीच्या सुपरशेपमधल्या ई-मॅग्नम (कमर, म्हणजे स्कीची मधली रुंदी, ७२ मिमी), ई-रॅली (७८) आणि ई-टायटन (८४) तिन्ही १७० सेंमीमध्ये शिल्लक आहेत. माझी उंची १७२, वजन ७८. लाल पिस्ट (यंत्राने दाबलेला, आखलेला मध्यम उतार) व्यवस्थित, काळी (सर्वांत अवघड) जपून. जाणं मुख्यतः इथल्या स्विस स्कीठिकाणी, फ्लुम्सरबर्ग आणि होख-यब्रिगला, फेब्रुवारीच्या सुट्टीत लाक्स. ऋचा म्हणते ७२, श्रीकांत म्हणतो नव्वदीच्या खाली बघूच नकोस. बूट ग्रिपवॉकचे (चालायला सोप्या तळाचे) आहेत. शिवाय जुन्या स्कीवरचं बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) चांगलं आहे, ते नव्या स्कीवर बसवता येईल का?

मंदार

---

प्रेषक: अनघा

मंदार,

आधी हे बघ की तू स्की करतोस त्या तासांत पायाखाली काय असतं. फ्लुम्सरबर्गला डिसेंबर-जानेवारीत पिस्टवर बराचसा तोफांचा, म्हणजे कृत्रिम बर्फ असतो. तो दाट असतो, रात्री यंत्राने दाबलेला, सकाळी दहापर्यंत फरशीसारखा टणक. त्यावर अरुंद कमर लागते. अल्पाइन बुटाचा तळ पुढच्या बाजूला ६९ मिमी रुंद असतो. कमर ७२ असली की एज (स्कीची धातूची धार) जवळजवळ बुटाच्या कडेखालीच येते, पावलाच्या मध्यापासून ३६ मिमीवर. कमर ९६ असली तर तीच एज ४८ मिमीवर जाते. म्हणजे टणक बर्फावर स्की कडेवर धरायला एक तृतीयांश लांब तरफेशी झुंजायचं, आणि तो ताण घोट्यावर अन् गुडघ्यावर येतो. एका एजवरून दुसरीवर जायलाही वेळ जास्त लागतो.

पण ७२ची दुसरी बाजूही आहे. दुपारी दोननंतर पिस्टवर भुसभुशीत ढीग साचतात, मार्चमध्ये तर अकरालाच. तिथे अरुंद आणि कडक स्की ढिगात घुसते, टोक अडकतं आणि पाय खेचला जातो. सकाळी नऊ ते बारा स्की करून घरी येणाऱ्याने ७२ घ्यावी. शेवटच्या लिफ्टपर्यंत थांबणाऱ्याने ७८. तू शेवटपर्यंत थांबणाऱ्यांतला, म्हणून माझं मत ई-रॅली. स्टोक्लीची लेझर एएक्ससुद्धा ७८चीच आहे आणि ती आपल्या शेजारच्या ल्युसर्न कँटनमध्ये, माल्टर्सला बनते. सवलतीत मिळत असेल तर तीही बघ.

८४ मात्र तुझ्यासाठी अधलीमधली होईल. सकाळी जड वाटेल आणि पिस्टबाहेर जायला पुरेशी रुंद नाही.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांत

> ८४ मात्र तुझ्यासाठी अधलीमधली होईल

अनघाताई, मान्य नाही. फक्त पिस्टसाठी वेगळी जोडी कोण ठेवतं? माणसाने एकच जोडी घ्यावी आणि ती सगळीकडे चालावी. नॉर्डिकाची एन्फोर्सर ९४ किंवा फोल्कलची मांट्रा, कमर ९६. दोन्हींत टायटॅनलचे (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे) थर आहेत, त्यामुळे वेगात थरथरत नाहीत. कोलोरॅडोत व्हेल, ब्रेकनरिजला सर्रास याच रुंदीच्या स्की दिसतात आणि लोक त्यावर पिस्टही उत्तम करतात. ताजा ३० सेंमी बर्फ पडला की ७२वाल्यांना कडेला उभं राहून बघावं लागतं.

श्रीकांत

---

प्रेषक: ऋचा

श्रीकांत, कोलोरॅडोचा बर्फ कोरडा आणि हलका, डोंगर उंचावर, आणि तिथे यंत्राने न दाबलेल्या पट्ट्याही रिसॉर्टच्या हद्दीत, गस्तीखाली असतात. इथे पिस्टची खूण सोडली की हिमस्खलनाची जबाबदारी ज्याची त्याची. बीकन (बर्फाखालच्याला शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची काठी) आणि सोबत माहितगार माणूस हवा. मंदार पिस्ट सोडत नाही. मग ९६ मिमीचा उपयोग काय?

रुंदीइतकंच वळणाच्या त्रिज्येकडे बघ, मंदार. स्कीवर टोक-कमर-शेपटीचे तीन आकडे छापलेले असतात. टोक आणि शेपटीची बेरीज करून त्यातून कमरेची दुप्पट वजा करायची आणि उरलेल्याला चाराने भागायचं. ही झाली कडेची खोली. उदाहरणार्थ १२१-६८-१०३ असेल तर २२ मिमी. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरली तर तिच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागायचं: २.२५ भागिले ०.१७६, म्हणजे सुमारे १२.८ मीटर. हे स्लॅलम जातीचं वळण. १२७-८२-११७ आणि टेकणारी लांबी १.५५ मीटर घेतली तर १५ मीटर येतात. स्की ४५ अंशात कडेवर झुकली की १३ मीटरची त्रिज्या ९ मीटरवर येते, कारण झुकावाच्या कोसाइनने ती घटते. फ्लुम्सरबर्गच्या गर्दीच्या पिस्टवर रविवारी १६-१७ मीटरची स्की पूर्ण वळवायला जागाच मिळत नाही. म्हणून १३ ते १५ मध्येच राहा.

लांबीबद्दल: ढोबळ नियम असा की कार्व्हिंग स्की (पिस्टवर कडेने वळायची) हनुवटी ते नाकाएवढी, ऑल-माउंटन (सगळीकडे चालणारी) नाक ते कपाळाएवढी. टोकाला रॉकर (वर उचललेला बाक) असेल तर तेवढा भाग टणक बर्फाला टेकत नाही, म्हणून ती थोडी लांब घेतात. तुझ्या वजनाला १७० बरोबर, नियमापेक्षा थोडी लांब असली तरी. १६३ वेगात अस्थिर वाटेल आणि १७७ची तुला गरज नाही.

ऋचा

---

प्रेषक: प्रसाद (क्रीडा समिती)

नमस्कार,

एक विनंती. स्कीचे धागे क्रीडा ईमेल यादीवर ठेवायचे असं दिवाळीच्या बैठकीत ठरलं होतं. मुख्य यादीवर सध्या नाटकाच्या तिकिटांचं चाललंय, ते खाली जातंय. तसंच सामूहिक सवलतीसाठी दुकानाशी बोलणं समितीतर्फे होतं, कृपया कोणी परस्पर भाव करू नका. गेल्या वेळी दोघांनी वेगवेगळे फोन केले आणि दुकानदाराने दोघांनाही नेहमीचाच दर सांगितला.

तरी धागा इथेच सुरू आहे म्हणून लिहितो: शनिवारी निवडीआधी बाइंडिंगची चौकशी करा, ती सगळे शेवटी करतात. सुपरशेपबरोबर रुळावर सरकणारं बाइंडिंग येतं. ते बुटाच्या तळाच्या लांबीनुसार पुढेमागे होतं, ड्रिल लागत नाही.

प्रसाद

---

प्रेषक: दिलीपकाका

प्रसाद, मंदारने विचारलंय ते जुन्या बाइंडिंगचं. स्क्रूचं बाइंडिंग असेल तर ते सपाट स्कीवर सहज बसतं. टायटॅनल असलेल्या स्कीला ४.१ मिमीचं ड्रिल, नसलेलीला ३.५, खोली ९ मिमी. भोकात गोंद, मग स्क्रू. दुकानात अर्ध्या तासाचं काम. नवीन बाइंडिंगवर पैसे का घालायचे?

दिलीप

---

प्रेषक: अनघा

काका, ड्रिलचे आकडे बरोबर, पण मंदारच्या बाबतीत तीन अडचणी आहेत.

पहिली, तो ज्या स्की बघतोय त्यांवर रूळ आधीच बसवलेला असतो. त्यावर त्याच जातीचं बाइंडिंग बसतं, दुसरं नाही.

दुसरी, बूट ग्रिपवॉकचे. तो तळ आयएसओ २३२२३ या मानकाचा, चालायला सोपा व्हावा म्हणून थोडा वळवलेला. जुनी अल्पाइन बाइंडिंग आयएसओ ५३५५च्या सपाट तळासाठी असतात. ग्रिपवॉकचा बूट त्यात 'खट' करून बसतोसुद्धा, आणि धोका तिथेच आहे: पुढच्या पट्टीवर तळ नीट टेकत नाही, घर्षण वाढतं आणि पडताना बाजूला सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण नसेल तर विषय संपला.

तिसरी, ब्रेकची रुंदी. ब्रेक कमरेपेक्षा १५ मिमीपर्यंत जास्त चालतो. अरुंद ब्रेक स्कीवरच अडकतो आणि सुटलेली स्की खाली धावत जाते. फार रुंद असला तर कडेवर झुकल्यावर त्याचे दांडे बर्फ खरवडतात. ७८ला ८५ किंवा ९०चा ब्रेक ठीक.

डिनचा आकडा (किती जोर आला की बाइंडिंग सुटेल तो) ठरवताना दुकानदार वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत विचारतो. वजन खरं सांगा. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तक्त्यात एक ओळ वरची घेतात, म्हणजे आकडा कमी येतो, ते लपवू नका. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ३०५ किंवा ३१५ अशी. बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा बसवून घ्यायचं, पुढचा दाब तपासायचा आणि यंत्रावर सुटतं का ते बघून कागद घ्यायचा.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांत

बाइंडिंगचं पटलं. अमेरिकेत तर कंपनीने जुनं मॉडेल यादीतून काढलं की दुकानदार त्याला हातच लावत नाही. रुंदीबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

प्रेषक: वैशाली

मध्येच विचारते, आमच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी कोणाकडे १२० सेंमीची जोडी आहे का? बूट आहेत.

---

प्रेषक: ऋचा

वैशाली, विकत घेऊ नकोस, पूर्ण मोसमाच्या भाड्याने घे. मोसमाच्या मध्यात पाय वाढला तर बूट बदलून मिळतात का, ते आधी विचार. वापरलेली जोडी मिळालीच तर बुटाचा तळ बघ. मुलांच्या बुटांच्या तळाची जात वेगळी असते आणि प्रौढांच्या सगळ्या बाइंडिंगमध्ये ती चालत नाही, दोन्ही जातींसाठी असलेलं बाइंडिंग लागतं.

मंदार, तुझ्यासाठी: दुकानात टेस्ट जोड्या आहेत का विचार. असल्या तर शुक्रवारी सुट्टी घेऊन ७२ आणि ७८ एकाच दिवशी, एकाच पिस्टवर कर. आधी सकाळच्या टणक बर्फावर, मग दुपारी ढिगांत. फक्त दुपारी केलंस तर रुंद स्कीच आवडेल, फक्त सकाळी केलंस तर अरुंद, दोन्ही निकाल अर्धवट. आणि निघण्याआधी टेस्ट जोडीची एज नखावरून हलकेच आडवी ओढ. नखाची बारीक भुकटी निघाली तर धार आहे. एज नुसतीच घसरली तर ती जोडी परत दे, बोथट स्कीवरून स्कीचा अंदाज येत नाही. बोट एजवरून लांबीने फिरवू नकोस, कापेल.

ऋचा

---

प्रेषक: अनघा

ऋचाच्या मेलला जोड. नवीन स्कीसुद्धा पहिल्या दिवसाआधी तपासून घ्यायची. सरळ धातूची पट्टी तळावर आडवी ठेवून उजेडाकडे धर. मध्ये फट दिसली तर एज तळापेक्षा वर आहेत आणि स्की वळणाच्या सुरुवातीला अडकेल. कडांशी फट दिसली तर तळ फुगलेला, मग एज पकडणारच नाही. दोन्हींना दगडावर तळ घासून घेणं हाच उपाय.

कोनाचं: तुझ्यासाठी तळाला १ अंश, बाजूला ८८. स्पर्धेच्या कार्व्हरना ०.५ आणि ८७ ठेवतात, ते पहिल्या मोसमात खेचल्यासारखं वाटतं. बाजूचा कोन नंतर तीक्ष्ण करता येतो. तळाचा कोन एकदा वाढवला की कमी करायला पूर्ण तळ घासावा लागतो आणि त्यात एजचा धातू जातो. म्हणून तळाचा कोन मशिनवर सरसकट करू देऊ नकोस. दिवस संपला की स्की पुसून, पट्टा सोडून ठेव, ओल्या पिशवीत रात्रभर राहिली तर सकाळी गंज असतो. हलका गंज रबरी दगडाने निघतो, दगडाला लागून वाकलेला काठ आधी हिऱ्याच्या पट्टीने काढायचा. मोसम संपताना मेण लावून ते न खरवडता ठेवायचं, तळ कोरडा पडत नाही.

अनघा

---

प्रेषक: मंदार

सगळ्यांचे आभार. शुक्रवारी दोन्ही जोड्या करून बघतो. दोन्ही सारख्याच वाटल्या तर ७८, कारण दुपारी मी थांबतो. जुनं बाइंडिंग सोडून दिलं. काका, तुम्हाला ग्रिपवॉक नसलेल्या बुटांसाठी हवं असेल तर न्या, पण तपासून घ्या.

प्रसाद, सवलतीच्या यादीत माझं नाव घाल. भाव तूच कर.

मंदार

---

प्रेषक: प्रसाद (क्रीडा समिती)

नाव घातलं. वैशाली, तुझंही भाड्याच्या जोडीसाठी घातलं. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने मॉडेल, लांबी, बुटाच्या तळाची लांबी आणि ग्रिपवॉक आहे की नाही हे मला कळवावं, नाहीतर दुकानात रांग खोळंबते. बूट बरोबर आणा, बूट नसेल तर बाइंडिंग बसवून देत नाहीत.

ज्यांच्या गाडीवर बॉक्स आहे त्यांनी आतली लांबी मोजून लिहा. काही बॉक्स बाहेरून मोठे दिसतात, पण आत १७७ची स्की तिरकी घातल्याशिवाय जात नाही.

प्रसाद