विषय: सामाजिक निधी आणि सेनेगलचे चिंपांझी

प्रेषक: मधुरा (सचिव)
सोमवार

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाचा हिशेब एकदाचा लागला. हॉलचं भाडं, नारळ आणि तबलजींचा प्रवासखर्च वजा जाता सामाजिक निधीत यंदा बरी रक्कम उरली आहे. बालविभागाची सूचना आहे की सेनेगलमधल्या निओकोलो-कोबा राष्ट्रीय उद्यानातला एक चिंपांझी मंडळाच्या नावाने दत्तक घ्यावा. मुलांनी चित्रंही काढून ठेवली आहेत, त्यातल्या एकाला फेटा बांधलाय. हरकती-सूचना इथेच लिहा. व्हॉट्सॲपवर नकोत, तिथे गुड मॉर्निंगखाली सगळं गाडलं जातं.

– मधुरा


प्रेषक: मुकुंद
सोमवार, रात्री

चि. मधुरा, अनेक आशीर्वाद.

मुलांचा हिरमोड करायचा नाही, पण पैसा सर्वांचा आहे म्हणून विचारतो. हे उद्यान १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८१ पासून जागतिक वारसा. २००७ साली ते ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेलं आणि जुलै २०२४ मध्ये, खुद्द दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत, त्या यादीतून बाहेरही आलं. माझ्या लक्षात राहिलं, कारण आसामातल्या मोइदामना, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफनटेकड्यांना, त्याच बैठकीत वारसा दर्जा मिळाला होता. धोका टळल्याचं युनेस्कोनेच सांगितलं असेल तर आपण कशासाठी पैसे पाठवायचे?

शिवाय आपल्या मेळघाटात काय कमी अडचणी आहेत? चिंपांझीचं प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलच्या भिंतीवर लागेल, फोटो निघतील, आणि पुढच्या वर्षी कोणाला त्याचं नावही आठवणार नाही. हे माझं स्पष्ट मत.

– मुकुंद


प्रेषक: नेहा
मंगळवार

मुकुंदकाका, नमस्कार.

तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि प्रमाणपत्राच्या बाबतीत तर मी शंभर टक्के तुमच्याच बाजूची. नोकरीनिमित्त सेनेगलच्या तांबाकुंडा भागात पाण्याच्या कामावर होते, त्यामुळे हा मुलूख थोडा ओळखीचा आहे. जरा लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी यादीचं. २००७ मध्ये उद्यान धोक्यात गेलं ते मुख्यतः चोरट्या शिकारीमुळे आणि गॅम्बिया नदीवर, उद्यानाच्या वरच्या अंगाला, सांबांगालू इथे धरण बांधायचं घाटत होतं म्हणून. पुढे आतली बेसॉल्टची खाण बंद झाली, गस्त वाढली, कॅमेरे लागले, प्राण्यांच्या नोंदी नीट होऊ लागल्या. बाहेर काढलं ते योग्यच झालं, उगाच नाकं मुरडायला नकोत. पण ती यादी अख्ख्या उद्यानाचा ताळेबंद मांडते. सिंह, रानकुत्रे, डर्बी ईलँड नावाचं धिप्पाड हरीण, सगळं एकत्र. चिंपांझींचा हिशेब त्यात वेगळा दिसत नाही.

उद्यान आहे ९,१३० चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ अडीच गोवे. एवढ्या पसाऱ्यात चिंपांझी मुख्यत्वे आग्नेयेकडे, आसिरिक नावाच्या डोंगराच्या आसपास आणि ओढ्या-नद्यांच्या काठाने गेलेल्या झाडीच्या पट्ट्यांत. डोंगर म्हणायचं ते उपचारापुरतं, उंची ३११ मीटर. युनेस्कोच्या जुन्या वर्णनात चिंपांझींचा आकडा आहे सुमारे १५०. बाकी सगळं गवत, बांबू आणि ‘बोवाल’. बोवाल म्हणजे रत्नागिरीकरांनी आपला जांभ्याचा सडा डोळ्यांसमोर आणावा: पावसाळ्यात हिरवागार, नंतर तव्यासारखा. फरक एवढाच की तिथे नोव्हेंबर ते मेपर्यंत पाऊस जवळपास नसतोच आणि पारा चाळिशीच्या वर जातो.

चिंपांझी म्हटलं की आपल्याला घनदाट जंगल आठवतं. हे मात्र त्या जातीच्या उत्तर टोकाला, अगदी काठावर तगून राहिलेले प्राणी आहेत. उद्यानाबाहेर, केडुगू शहराजवळ फोंगोली नावाच्या ठिकाणी जिल प्रुएट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ २००१ पासून एका टोळीचा अभ्यास करत आहेत. तिथून आलेल्या नोंदी वाचल्या की थक्क व्हायला होतं. दुपारी उन्हाचा कहर झाला की हे गुहेत जाऊन बसतात. पहिल्या पावसाने डबकी भरली की पाण्यात डुंबतात. बहुतेक चिंपांझी पाण्याला बिचकतात, हे बिचकत नाहीत. वणवा पेटला की धावाधाव न करता तो कुठल्या बाजूने येतोय ते बघून बाजूला होतात. आणि २००७ मध्ये जगभर गाजलेली गोष्ट: फांदी तोडून, पानं सोलून, टोक दातांनी कुरतडून तिचा भाला करतात आणि ढोलीत झोपलेल्या बुशबेबीवर (रात्री हिंडणारा, मोठ्या डोळ्यांचा माकडकुळातला छोटा प्राणी) तो खुपसतात. यात माद्या आणि पोरंटोरं पुढे. दांडगट नर हाताने पकडू शकतात, त्यांना हत्याराची गरज कमी पडते असं दिसतं.

आता खरी अडचण. कोरड्या मुलखात खाणं विरळ, म्हणून फिरावं फार लागतं. फोंगोलीची तिशीच्या आसपासची टोळी ८० चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख वापरते. टांझानियातल्या गोम्बेची प्रसिद्ध टोळी याच्या पाव भागातही भागवते. एका टोळीला एवढी जागा लागत असेल तर दहा टोळ्यांना किती? आणि नुसती जागा असून चालत नाही, त्या जागेत उन्हाळ्यातही न आटणारे झरे लागतात, अंजिरं लागतात, साबाची वेल लागते. साबाच्या पिवळ्या आंबट फळांवर मे-जूनमध्ये चिंपांझींचं पोट चालतं, आणि तीच फळं गावातल्या बायका पोत्यांनी गोळा करून बाजारात नेतात. दोघांचीही गरज खरी आहे.

म्हणून सेनेगलमधले बरेचसे चिंपांझी उद्यानाच्या हद्दीबाहेर, गावांच्या शेजारी राहतात. ही काही वाट चुकलेली मंडळी नव्हेत. चिंपांझींत नर जन्मभर आईच्याच टोळीत राहतात आणि माद्या वयात आल्या की दुसऱ्या टोळीत जातात. उद्यान आणि बाहेरच्या टोळ्या यांच्यातली झाडी तुटली तर ती तरुण मादी जाणार कुठे? आतले दीडशे सुरक्षित राहतीलही, पण एकटे पडतील. एका पोरानंतर दुसरं व्हायला पाचेक वर्षं लागणाऱ्या प्राण्याला तूट भरून काढायला वेळ मिळत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या या उपजातीची संख्या १९९० ते २०१४ दरम्यान सुमारे ८० टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे, २०१६ मध्ये ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली.

शिकार करून खाण्याचा प्रकार तिथे फारसा नाही. मुस्लिम वस्ती, शिवाय ‘हा माणसासारखा’ ही जुनी धारणा. त्यांना शिकारीपासून वाचवायचं काम या धारणेनेच केलंय. धोका येतोय तो सोन्याकडून. केडुगू भागात जमिनीत सोनं आहे. मोठ्या कंपन्यांच्या उघड्या खाणी आहेत आणि त्याहून पसरलेले हाताने खणलेले खड्डे. माली, गिनीकडून हजारो माणसं येतात, एका हंगामात वस्ती उभी राहते. लाकूड लागतं, पाणी लागतं, पाऱ्याने सोनं वेगळं करतात आणि ते पाणी पुन्हा ओढ्यात. नेमका जो झरा मे महिन्यात चिंपांझींचा असतो, त्याच झऱ्यावर.

आपण पैसे द्यायचेच तर कुठे, ते उद्या लिहिते. हे बोटांना जड झालंय.

– नेहा


प्रेषक: शैला
मंगळवार, दुपारी

नेहा, छान लिहिलंस गं. वाचता वाचता हाताकडे लक्ष गेलं. पाटल्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या अशा खड्ड्यांतलं बरंच सोनं दुबईला जातं आणि तिथून कुठे कुठे पोचतं, हे हल्लीच एका लेखात वाचलं. माझ्या पाटल्या सासूबाईंच्या, म्हणजे मी सुटले म्हणायचं. पण पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि खरेदी दुबईहूनच ठरलीय. कोणी ‘यातलं केडुगूचं किती’ असं विचारलं तर सांगता येणार नाही, एवढं खरं.

दुसरं, सगळ्यांनी मिळून तिकडे सहलच काढली तर? धबधबा पण आहे म्हणे, दिंदेफेलो की काय. मुलंही बघतील.

– शैलावहिनी


प्रेषक: नेहा
बुधवार

शैलावहिनी, सहल जरूर काढा, दिंदेफेलोचा धबधबा बघण्यासारखाच आहे. पण चिंपांझी बघायला मिळतील या आशेने जाऊ नका, आणि मिळाले तरी लांबूनच. आपली साधी सर्दी त्यांना मारू शकते. आयव्हरी कोस्टच्या ताई उद्यानात माणसांकडून गेलेल्या श्वसनाच्या विषाणूंनी चिंपांझी दगावल्याचं सिद्ध झालंय, म्हणून तिथले संशोधक मास्क लावून अंतर ठेवतात. बालविभागातल्या वाहत्या नाकांची फौज तर तिथे नकोच.

काका, आता पैशांचं. दत्तक म्हणजे एक फोटो, एक नाव आणि एक कागद. प्राण्याला आपण पोसत नाही, पोसायचंही नसतं. पैसा शेवटी संस्थेच्या सर्वसाधारण कामात जातो, आणि त्यात गैर काही नाही. पण मुलांना तेच सरळ सांगावं.

मला वाटतं पैसा हद्दीबाहेर जावा. दिंदेफेलो गावाच्या पंचक्रोशीत २०१० साली लोकांनी आणि ग्रामप्रशासनाने मिळून सामुदायिक राखीव क्षेत्र जाहीर केलं. गिनीच्या सीमेला लागून. जेन गुडॉल इन्स्टिट्यूटची स्पेन शाखा तिथे काम करते. गावातलेच तरुण रखवालदार, रोज फिरून घरट्यांची नोंद ठेवणारे. (चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर नवं घरटं करतात, मोजणी त्यावरूनच होते. गंमत म्हणजे सिंह-बिबट्या असलेल्या आसिरिकवर घरटी उंचावर बांधतात आणि शिकारी प्राणी जवळजवळ संपलेल्या फोंगोलीत खालीच.) अशा रखवालदाराला लागतं काय? पगार वेळेवर, बूट, मोटारसायकलचं पेट्रोल. हे मागायला कोणाला लाज वाटू नये, पण देणग्या देणाऱ्यांना त्याचा फोटो गोंडस येत नाही.

रखवालदार काय करतो त्याचं एक उदाहरण फोंगोलीचं देते. २००९ मध्ये शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी एका मादीला जखमी केलं आणि तिचं पिल्लू उचललं गेलं. पाळायला विकलं जाणार होतं. संशोधकांनी आणि तिथल्याच स्थानिक सहकाऱ्यांनी ते शोधून काही दिवसांत परत आईजवळ सोडलं. आईला जखमेमुळे पिल्लू वाहून नेणं जड जात होतं, तर टोळीतला एक अर्धवट वयाचा नर, त्या पिल्लाचा ना भाऊ ना कोणी, ते उचलून घेऊन चालला. पिल्लू सापडलं कारण गावात कोणाला विचारायचं ते माहीत असलेली माणसं पगारावर होती.

आणखी एक, माझ्या धंद्यातलं. इथे कोणीतरी म्हणेलच की गावाला बोअर मारून देऊ, म्हणजे लोक झऱ्यावर जाणार नाहीत. कल्पना चांगली, पण सांभाळून. चुकीच्या जागी बोअर मारली तर झऱ्याचंच पाणी ओढलं जातं. आणि जिथे बारमाही पाणी, तिथे पुढच्या हंगामात खाणकामगारांची वस्ती. विहीर गावाच्या आत हवी, रानाच्या तोंडाशी नको, आणि आधी उन्हाळ्यातली पातळी मोजलेली हवी. आपल्या निधीत ते बसणार नाही. बूट-पेट्रोल बसेल.

मेळघाटाबद्दल भांडायचं नाहीये काका. तिथेही द्या. पण ‘आधी आपलं’ या न्यायाने गेलो तर सेनेगलच्या झऱ्याची पाळी कधीच येणार नाही, आणि भाचीच्या लग्नाची खरेदी मात्र आजच दुबईत होतेय. (वहिनी, रागवू नका!)

– नेहा


प्रेषक: मुकुंद
गुरुवार

चि. नेहास आशीर्वाद.

दोन वेळा वाचलं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. सांबांगालूच्या धरणाचं पुढे काय, ते तू अर्ध्यात सोडलंस. मी शोधलं. काम सुरू झालं आहे. नदीचा पूर अडला की उद्यानातल्या तळ्यांत पाणी कमी येणार, आणि तिथे आधीच मिमोसा पिग्रा नावाचं काटेरी झुडूप माजलेलं आहे, तेही वाचलं. म्हणजे यादीतून नाव निघालं तेव्हा हा प्रश्न मिटलेला नव्हता. माझा पहिला प्रश्न मीच थोडा मागे घेतो, पण तुझ्या बूट-पेट्रोलने धरण थांबणार नाही हेही लिहून ठेव.

नोकरीत आयुष्यभर हिशेब तपासले, म्हणून अटी घालतो. रक्कम निम्मी-निम्मी: निम्मी मेळघाटात काम करणाऱ्या संस्थेला, निम्मी सेनेगलला. सेनेगलची दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता खर्चाचा तपशील आल्यावर. तपशील फ्रेंचमध्ये आला तर भाषांतर नेहाने करायचं, विनामूल्य. दत्तक हा शब्द ठरावातून काढा.

आणि मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावणार असाल तर मधोमध उद्यानाचा नकाशा लावा, बाहेरची गावं आणि ओढे दाखवलेला. फेटेवाला राहू दे, तो मला आवडला.

– मुकुंद


प्रेषक: मधुरा (सचिव)
गुरुवार

ठरावाचा मसुदा काकांच्या अटींसह रविवारच्या सभेत मांडते. नेहा, ओढ्यांची नावं मला फ्रेंच उच्चारासकट पाठव, नकाशावर देवनागरीत लिहायची आहेत. हरकत असेल त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.

– मधुरा